उसन्या मुळांवर

स्वावलंबन या गुणाला आपल्याकडे जितका निर्वेध मान मिळाला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही गुणाला मिळाला नसेल. शाळेच्या भिंतीवर तो रंगवलेला असतो, बक्षीस-समारंभात पाहुणे त्याची महती गातात, आणि मुलगा पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जेवला की घरात कौतुकाला ऊत येतो. 'परावलंबी' हा शब्द मात्र आपण आजारी माणसाविषयी कीव येऊन किंवा आळशी माणसाविषयी चिडून वापरतो. गंमत अशी की, स्वावलंबनावर व्याख्यान देणाऱ्या गृहस्थाच्या अंगातला सदरा दुसऱ्याने शिवलेला असतो, समोरच्या पेल्यातले पाणी तिसऱ्याने भरलेले असते आणि श्रोते चौथ्याने गोळा केलेले असतात. व्याख्यान तेवढे त्याचे स्वतःचे असते, आणि तेही नेहमीच असते असे नाही.

म्हणजे खरा प्रश्न विसंबावे की विसंबू नये हा नाहीच. तो केव्हाच निकालात निघालेला आहे. प्रश्न पुढचा आहे. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याचे काम आपल्याला धड तपासताही येत नाही, त्याच्यावर किती विसंबावे? आणि आपण स्वतः अशा अनोळखी माणसांवर उभे असताना, आपल्यावर विसंबणाऱ्या तिसऱ्याच माणसांना कोणत्या तोंडाने 'निर्धास्त राहा' म्हणावे? दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय जरा जड वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु माझ्या धंद्याने तो माझ्या रोजच्या ताटातच वाढून ठेवला आहे, आणि पुढे दिसेल की, फराळाशीही त्याचे नाते आहेच.

माझा धंदा संकेतस्थळे तपासण्याचा. काही वर्षे पुण्यात तो केला, आता वडीगोद्रीत घरी बसून करतो. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता जिथे धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो, तिथले हे आमचे गाव. रस्त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात, आणि माझ्या टेबलावरच्या संगणकात एक अदृश्य माणूस तितक्याच अविश्रांतपणे अर्ज भरत असतो. हा अदृश्य माणूस म्हणजे तपासणीचे साधन. एखादे संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी हे साधन ब्राउझर उघडते, नाव लिहिते, गावाची निवड करते, बटण दाबते आणि योग्य ते पान समोर आले की नाही ते पाहते. आले तर हिरवी खूण, न आले तर तांबडी. माणसाने दिवसभरात जे वीस वेळा केले असते, ते हा यंत्रमानव हजार वेळा करतो, आणि चहा मागत नाही.

या साधनांपैकी सर्वांत नावाजलेले साधन 2004 साली शिकागोत जन्मले. जेसन हगिन्स नावाच्या अभियंत्याने थॉटवर्क्स या कंपनीत काम करत असताना ते रचले आणि त्याचे नाव ठेवले सेलेनियम. त्या काळी या क्षेत्रात मर्क्युरी नावाच्या कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, असा तो विनोद. पुढे मर्क्युरी कंपनी दुसऱ्या कंपनीच्या पोटात गडप झाली; उतारा मात्र अजून जगभर चालू आहे. ते कोणालाही विनामूल्य घेता येते, उघडून पाहता येते, बदलता येते.

आता अशा साधनाला दोन गोष्टी लागतात, आणि माझे निम्मे आयुष्य त्या दोन गोष्टींची निगा राखण्यात गेले आहे. पहिली सेटिंगे, दुसरी अवलंबने. सेटिंगे म्हणजे साधनाला आधी सांगून ठेवायच्या अटी. कोणता ब्राउझर उघडायचा, पडदा किती रुंद धरायचा, भाषा कोणती, घड्याळ कोणत्या देशाचे, पान उमटण्याची वाट किती सेकंद पाहायची आणि त्यानंतर 'नापास' म्हणायचे. अवलंबने म्हणजे ज्यांच्या खांद्यावर हे साधन उभे असते ते दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम. पहिल्या गोष्टीत आपल्या गृहीतांचा प्रश्न येतो आणि दुसरीत आपल्या ऋणांचा. दोन्ही प्रश्न तांत्रिक म्हणून सांगितले जातात. मला ते नीतीचे वाटतात.

सेटिंगांचे मर्म ज्या गृहिणीने चकल्या केल्या आहेत तिला माझ्यापेक्षा अधिक कळेल. बहिणीकडून भाजणीचे प्रमाण आणले, तांदूळ-डाळी वाटीने मोजल्या, मोहन तेवढेच घातले, तरी चकली मऊ पडते. बहिणीला विचारावे तर ती म्हणते, "आमच्याकडे तर छान कुरकुरीत होतात हो!" ती खोटे बोलत नसते. तिची गिरणी वेगळी, पाणी वेगळे, तिच्याकडची वाटी आपल्या वाटीहून थोडी बसकी, आणि तिच्या हाताला आच किती ठेवावी हे ठाऊक असते; ते तिने प्रमाणात लिहिलेलेच नसते, कारण ते आपल्याला ठाऊक आहे हेच तिला ठाऊक नसते. आमच्या धंद्यात हेच वाक्य दिवसातून चारदा ऐकू येते: "माझ्या संगणकावर तर चालते!" त्याचा अर्थ एवढाच की, न लिहिलेली काही गृहीते माझ्या संगणकात मुरलेली आहेत आणि तुमच्या संगणकात नाहीत.

चकली बिघडली तर फार तर पाहुणे हळूच ताटाच्या कडेला सारतात. परंतु परवा-परवाची एक गोष्ट सांगतो. गावातल्या सेवा केंद्रात विम्याच्या अर्जाची शेवटची तारीख होती. ओळखीतल्या एक मावशी सकाळपासून कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अर्ज भरला जाई, कागद जोडले जात आणि अखेरचे बटण दाबल्यावर पान फिरत राही. थोड्या वेळाने मुदत संपल्याचे सांगून सारे पुसून टाकी. मी दारातून जाताना त्यांनी मला हाक मारली. "सर, तुमी असल्याच कामातले ना? बघा की. निस्तं चाक फिरतंय सकाळधरनं." ते संकेतस्थळ मी तपासलेले नव्हते आणि कोणी तपासले हेही मला ठाऊक नाही. पण ते तपासलेले असणार आणि त्याच्यापुढे हिरवी खूण उमटलेली असणार, याविषयी मला शंका नाही. कुठल्यातरी थंडगार खोलीत, वेगवान जोडणीवर, रुंद पडद्यावर, एकटाच अर्ज भरणाऱ्या यंत्रमानवाला ते पान दोन सेकंदांत उमटले असेल. शेवटच्या तारखेची गर्दी, खेड्यातली जोडणी, भ्रमणध्वनीवर काढलेले सात-बाऱ्याचे अंधुक आणि अवजड छायाचित्र ही सेटिंगे कोणी घातलीच नसतील. हिरवी खूण खोटी नव्हती. ती मावशींविषयी नव्हती, एवढेच.

म्हणून मी असे मानतो की, हिरवी खूण ही एक साक्ष आहे. आणि साक्षीदाराचे कर्तव्य खरे बोलण्याने संपत नाही. आपण कुठे उभे होतो, उजेड किती होता, किती अंतरावरून पाहिले, हेही त्याने सांगितले पाहिजे. 'चालते' हे अर्धे वाक्य आहे. 'अमुक परिस्थितीत चालते' हे पुरे वाक्य. अर्ध्या वाक्यावर पगार मिळतो हे खरे, पण उरलेल्या अर्ध्याची किंमत कोणीतरी पिशवी मांडीवर घेऊन मोजत बसलेले असते.

आता अवलंबनांकडे वळू. येथे मला गिरणीपेक्षा आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागांचा अधिक आधार वाटतो. जालना जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे ती आमचीच, असा आमचा अभिमान. परंतु बाग पाहायला आलेल्या शहरी पाहुण्याला मी एक गोष्ट दाखवतो. मोसंबीचे झाड मुळापासून मोसंबीचे नसतेच. आधी जंबेरीचे किंवा रंगपूर लिंबाचे बी पेरून खुंटरोप वाढवायचे, त्याच्या खोडावर वीतभर उंचीवर चीर देऊन मोसंबीचा डोळा भरायचा, डोळा फुटला की वरचा लिंबाचा शेंडा छाटून टाकायचा. फळ मोसंबीचे, जमिनीतली झुंज मात्र लिंबाने लढायची. बाजारात त्या लिंबाचे नाव कोणी घेत नाही.

संगणकाचे प्रोग्राम आज असेच कलमी आहेत. मी एखाद्या तपासणीसाठी दहा-बारा तयार लायब्रऱ्यांची नावे एका कागदावर, म्हणजे एका फाइलीत, लिहितो. त्यांतली प्रत्येक लायब्ररी आणखी काहींवर कलम केलेली असते, त्या आणखी काहींवर. साधन जेव्हा ही सारी बाडे उतरवून घेते आणि कोणती कोणती घेतली याची नेमकी नोंद करते, तेव्हा त्या नोंदीत शेकडो नावे निघतात. या नोंदीला लॉक फाइल म्हणतात. प्रत्येक नावापुढे आवृत्तीचे तीन आकडे असतात. तिसरा आकडा वाढला तर केवळ दुरुस्ती झाली. दुसरा वाढला तर नवी सोय आली पण जुने जसेच्या तसे आहे. पहिला वाढला तर सावध, जुने मोडेल. ही तीन आकड्यांची लिपी म्हणजे अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. तो मोडला तर दाद मागायला कोर्ट नाही. उलट, जवळजवळ प्रत्येक विनामूल्य लायब्ररीच्या परवान्यात लिहिलेले असते की, हे जसे आहे तसे देत आहोत, हमी कसलीही नाही.

या शब्दावर जग किती तोलून बसले आहे, हे 22 मार्च 2016 रोजी सर्वांच्या ध्यानात आले. अझेर कोचुलू नावाच्या एका प्रोग्रामरचे एका नावावरून भांडण झाले. 'किक' हे नाव त्याने आपल्या एका प्रोग्रामला दिले होते. त्याच नावाच्या कंपनीने ते मागितले. आणि एनपीएम या सामाईक कोठाराच्या चालकांनी कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. संतापून त्याने कोठारातले आपले सगळेच प्रोग्राम, अडीचशेंहून अधिक, काढून घेतले. त्यांत एक होता अकरा ओळींचा. त्याचे काम काय, तर एखाद्या अक्षरमालेच्या डावीकडे शून्ये किंवा मोकळ्या जागा भरून ती ठराविक लांबीची करणे. रेशनकार्डाच्या आकड्यापुढे कारकून शून्ये लिहितो, तितकेच. पण त्या अकरा ओळींवर मोठमोठी साधने कलम केलेली होती, आणि त्यांच्यावर जगभरच्या कंपन्या. काही तास सारे खोळंबले. अखेर चालकांनी तो प्रोग्राम लेखकाला न विचारता परत ठेवून दिला, आणि पुढे नियमच बदलला की, ज्यावर इतर विसंबले आहेत ते सहजासहजी मागे घेता येऊ नये.

या प्रसंगावर तेव्हा पुष्कळ हसणे झाले. अकरा ओळीसुद्धा स्वतः लिहिता येऊ नयेत काय, असे पुष्कळांनी विचारले. मला मात्र त्यातला दुसरा प्रश्न अजून सुटलेला वाटत नाही. त्या माणसाने दान दिले होते. दान परत घेण्याचा अधिकार दात्याला असतो काय? आपल्याकडे दिलेले दान परत घेणे हीन मानतात. पण आपल्याकडेच दान घेणाऱ्यावरही बंधने आहेत: निदान दात्याचे नाव तरी त्याला ठाऊक असावे. येथे घेणाऱ्यांना आपण काही घेतले आहे याचाच पत्ता नव्हता. जंबेरीने संप केल्यावरच बागाइतदाराला कळले की, आपल्या झाडाला मूळ दुसऱ्याचे आहे. दाता रागावला हे दिसते. इतकी वर्षे कोणी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते, हे दिसत नाही.

मग करावे काय? तीन मार्ग लोक सुचवतात. पहिला मार्ग मानी माणसाचा: सर्व काही स्वतः करावे. ऐकायला भव्य आहे. परंतु केन टॉम्प्सन या थोर संगणकशास्त्रज्ञाने 1984 साली प्रसिद्ध झालेल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात याचा पायाच काढून घेतला. त्याने दाखवून दिले की, प्रोग्राम तुम्ही स्वतः लिहिला तरी तो यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषा दुसऱ्याचा असतो, आणि तो दुभाषा मूळ लेखात न दिसणारी चोरवाट गुपचूप घालू शकतो. दुभाषाही स्वतः लिहावा, तर त्याला उतरवणारा आणखी कोणी. कुठेतरी जाऊन परक्यावर विश्वास ठेवावाच लागतो. स्वतःचे कापड स्वतः विणले, तरी सरकी कोणाची?

दुसरा मार्ग सावध माणसाचा: एकदा जमले की गोठवून टाकावे, काही बदलू नये. लॉक फाइल याचसाठी असते, आणि तिच्यावाचून माझा दिवस ढळत नाही. पण गोठवलेले जग एकटेच गोठते. भोवतालचे वाहतच असते. 2021 पासून क्रोम ब्राउझरची नवी प्रमुख आवृत्ती सुमारे दर चार आठवड्यांनी येऊ लागली, आणि तो रात्रीतून स्वतःच स्वतःला बदलून घेतो. त्याला हाकणारा चालक, म्हणजे ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम, जुनाच राहिला तर सकाळी सगळ्या तपासण्या एका ओळीत तांबड्या. संकेतस्थळात काही बिघडलेले नसते. बैल बदलला आणि जोते तेच राहिले, इतकेच. ही कटकट इतकी सार्वत्रिक झाली की, 2022 साली सेलेनियमनेच योग्य चालक आपोआप शोधून आणणारा कारभारी आपल्या पदरी ठेवला.

तिसरा मार्ग भाविकाचा: जे नवे येईल ते घेत राहावे, देणारा जाणतो. येथे दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे नावाच्या लायब्ररीत मोठे भगदाड सापडले. नोंदवही लिहिण्याचे साधे काम करणारी ही लायब्ररी, बव्हंशी हौसेने राबणाऱ्या माणसांनी सांभाळलेली, जगातल्या असंख्य यंत्रांत होती. भगदाड कित्येक वर्षांचे जुने होते. ज्यांनी आवृत्ती गोठवून ठेवली होती, ते धोक्यात आले. ज्यांनी तातडीने नवी घेतली, ते वाचले. पुढे मार्च 2024 मध्ये उलटे घडले. एक्सझेड नावाचा एक प्रोग्राम फिनलंडचा लासे कॉलिन हा गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होता आणि थकला होता. जिया तान असे नाव सांगणारा कोणी एक मदतीला आला. दोन-अडीच वर्षे त्याने इमानेइतबारे काम केले, विश्वास मिळवला, किल्ल्या हाती घेतल्या, आणि मग नव्या आवृत्तीत चोरदार बसवले. येथे ज्यांनी नवे घेतले ते धोक्यात आले. जुने धरून बसलेले वाचले. म्हणजे 'जुने ते सोने' हेही खरे नाही आणि 'नवे ते हवे' हेही नाही. नियम पाठ करून सुटका होत नाही.

ते चोरदार सापडले कसे, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा अभियंता दुसऱ्याच कसल्या मोजमापात गुंतला होता. दूरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्याला जाणवले. शंभरांतल्या नव्व्याण्णवांनी ते सोडून दिले असते. त्याने सोडले नाही. माग काढत गेला आणि चोराच्या दारापर्यंत पोचला. तो अर्धा सेकंद माझ्या मनातून जात नाही. विसंबणे आणि डोळे मिटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याने सिद्ध केले. आई लेकराच्या श्वासावर विसंबून झोपते, पण श्वासाची लय बदलली की जागी होते.

आमच्या धंद्यात लायब्ररीच्या मूळ लेखकांना जो इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ 'वरचा प्रवाह' असा होतो. मराठवाड्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले, आणि त्याचा डावा कालवा 208 किलोमीटर लांबीचा, आमच्या अंबड तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. पण धरणात पाणी येणार ते नाशिक-अहिल्यानगरकडून, आणि तिकडे गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा अशी धरणे आधीच वाट अडवून बसलेली. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या आणि माणसांनी स्वतः वाढवलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवली. पुढे 2014 साली राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सूत्र घालून दिले की, 15 ऑक्टोबरला जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्यांनी पाणी सोडावे. त्यावरही कोर्टकज्जे व्हायचे ते झालेच. परंतु एक गोष्ट त्या सूत्राने मान्य केली: वर असणे हा निव्वळ योगायोग आहे, आणि खाली माणसे आहेत याची आठवण वरच्याला ठेवावी लागते.

आता यात मी कुठे आहे? मी मध्ये आहे. माझ्या वर शेकडो अनोळखी लेखक, माझ्या खाली पिशवी मांडीवर घेतलेल्या मावशी. थोडा विचार केला तर आपण सर्वच मध्ये असतो. डॉक्टर औषधाच्या कारखान्यावर विसंबतो आणि रोगी डॉक्टरवर. मास्तर पुस्तकावर विसंबतो आणि पोर मास्तरवर. या मधल्या माणसाची सर्वांत सोपी पळवाट म्हणजे वरच्याकडे बोट दाखवणे. लायब्ररीच बिघडली, मी काय करू? वरच्याने हमी नाही म्हणून आधीच हात झटकलेले असतात, आणि खालच्याला वरच्याचे नावही ठाऊक नसते. तेव्हा हमी द्यायची असेल तर ती मधल्यानेच द्यायची, कारण दोन्ही टोके दिसतात ती फक्त त्याला.

जुन्या गावगाड्यातल्या बलुत्यांची येथे पुष्कळांना आठवण येईल. सुतार-लोहारांपासून कुंभार-न्हाव्यांपर्यंत सारे ओळखीचे चेहरे, आणि सुगीत त्यांचा वाटा ठरलेला. त्या व्यवस्थेने माणसांना जन्माने जखडले होते, काहींच्या वाट्याला तर केवळ अपमान दिला होता. तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण राबणाऱ्याचा खळ्यात वाटा असतो, एवढे तरी ती जाणत होती. आजच्या आमच्या खळ्यात लासे कॉलिनसारख्याचा वाटा कोणी काढला होता? ही जाण उशिरा का होईना येते आहे. जर्मनीच्या सरकारने 2022 साली अशा पायाभूत प्रोग्रामांच्या देखभालीसाठी निधी उभा केला. आपल्याकडे 2024 साली झिरोधा या कंपनीने दर वर्षी दहा लाख डॉलर अशा कामाला देण्याचे जाहीर केले. एवढ्याने ऋण फिटेल असे नाही. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले आहे, आणि त्यातले ऋषिऋण पैशाने फिटत नाही. ते शिकून आणि शिकवून फेडायचे असते. मी एखाद्या लायब्ररीतला दोष सापडल्यावर तो गुपचूप चुकवून पुढे न जाता नीट लिहून लेखकाकडे पाठवतो, तेव्हा दुसरे काही नाही, थोडे ऋषिऋण फेडत असतो.

रंगपूर लिंबाची आणखी एक गोष्ट सांगतो. ब्राझीलमध्ये एके काळी संत्र्यांच्या बागा आंबट संत्र्याच्या खुंटावर उभ्या होत्या. गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत ट्रिस्टेझा नावाचा विषाणुजन्य रोग आला आणि त्या खुंटावरची लक्षावधी झाडे मेली. मग बागाइतदारांनी आपल्या बंगालकडच्या रंगपूरचे नाव लावणारा हा लिंबू खुंट म्हणून धरला, आणि बागा पुन्हा डवरल्या. परंतु 1999 च्या सुमारास एक नवाच रोग दिसला, ज्यात नेमकी रंगपूर लिंबावरची झाडे अचानक वाळू लागली. एका आधारावरून उठून सगळे दुसऱ्या एकाच आधारावर जाऊन बसले, तर धोका टळत नाही. त्याचा मुक्काम हलतो. आणि तरीही ब्राझीलने कलमे करणे सोडले नाही. मुळावाचून झाड कोणाला वाढवता आले आहे?

आमच्याकडचे जाणते बागाइतदार मोसंबी लावताना एक नेम कटाक्षाने पाळतात. खुंट आणि डोळा यांचा जो जोड, तो मातीच्या वर, उघडा राहिला पाहिजे. भर घालताना तो मातीत गाडला गेला तर ओलीने तिथेच डिंक्या लागतो आणि झाड जोडापासून सडते. मला वाटते, माझ्या प्रश्नाचे जे काही उत्तर मला सापडले ते एवढेच आहे. आपले कुठे संपते आणि उसने कुठे सुरू होते, तो सांधा झाकू नये. माझ्या कामात याचा अर्थ असा की, हिरव्या खुणेशेजारी तिच्या अटी लिहाव्यात. लॉक फाइल आंधळेपणाने पुढे ढकलण्याऐवजी अधूनमधून सावकाराची वही वाचावी तशी वाचावी. नवी आवृत्ती घेताना काय बदलले ते पाहावे आणि न घेताना का घेतली नाही ते नोंदवावे. आणि अर्धा सेकंद कुठे वाढला तर तो वाढला असे म्हणावे. यातले काहीच पराक्रमाचे नाही. वेळ मात्र जातो, आणि वेळेचे पैसे देणारा माणूस विचारतो की, हिरवे झाले आहे ना, मग आता आणखी काय पाहता? त्याला द्यायला माझ्यापाशी चमकदार उत्तर नाही. मी त्याला एवढेच सांगतो की, आणखी एकदा, हळू जोडणी धरून, जुना भ्रमणध्वनी धरून आणि शेवटच्या तारखेची गर्दी धरून चालवून पाहतो. बहुधा त्या खेपेला खूण तांबडी येते.